रंग बदलणारी काच: किल्न आणि टॉर्चवर पहिल्यांदा काम करताना

"ताई, गुलाबी काच मागवली होती, पार्सलमधून जवळजवळ पारदर्शक शीट आली, परत पाठवू का?" असा मेसेज मला दर दोन-तीन महिन्यांनी येतोच, आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं, परत पाठवू नका, काच बरोबर आहे, तिचा रंग अजून व्हायचाय. तो रंग तुमच्या किल्नमध्ये, म्हणजे काच तापवायच्या विजेच्या भट्टीत होणार आहे, किती गरम केली आणि किती वेळ ठेवली त्यावर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून भांडुपच्या माझ्या छोट्या गाळ्यात नवीन माणूस शिकायला आला की टॉर्च, म्हणजे काच वितळवायचा गॅसचा बर्नर, पेटवायच्या आधी मी अर्धा तास याच्यावरच बोलते.

काच रंग बदलते म्हणजे नेमकं काय होतं

यात पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन लोक त्या एकमेकांत मिसळतात.

सगळ्यात साधी म्हणजे तात्पुरता बदल. लाल काच ज्योतीत गरम असताना काळपट, तपकिरी दिसते, थंड झाली की परत लाल. त्यामुळे गरम मण्याकडे बघून "जळला" म्हणून फेकून देऊ नका, पूर्ण थंड होईपर्यंत रंगाबद्दल काही ठरवायचंच नाही.

दुसरी, आणि या लेखाचा मुख्य विषय, म्हणजे स्ट्राइकिंग काच. यात सोनं, तांबं, चांदी किंवा कॅडमियम-सेलेनियम वितळलेलं असतं. कारखान्यात ती काच भराभर थंड करतात, त्यामुळे ते अणू विखुरलेलेच राहतात आणि काच फिकट दिसते. तुम्ही ती परत तापवलीत की ते अणू एकत्र येऊन अतिशय बारीक कण बनतात, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक, आणि त्या कणांमुळे रंग उमटतो. गुलाबी आणि क्रॅनबेरी काचेत खरोखरचं सोनं असतं, झवेरी बाजारात मिळतं तेच सोनं, अगदी थोडंसं, पण असतं, म्हणून ती शीट साध्या निळ्या-हिरव्यापेक्षा इतकी महाग. ही कला काही आजची नाही, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस कप आहे, बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून उजेड आला तर लाल, तोही काचेतल्या सोन्या-चांदीच्या कणांमुळेच. मला याचं फार अप्रूप वाटतं, सतराशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे हाताने केलं होतं.

तिसरी रिडक्शन काच. चांदी असलेली काही काच अशी असते की ज्योतीत ऑक्सिजन कमी केला की चांदी पृष्ठभागावर येते आणि मण्यावर धातूसारखी, मोरपिशी चमक चढते. चौथी रिअ‍ॅक्टिव्ह काच: तांबं असलेली काच, उदाहरणार्थ टर्कॉइज, गंधक असलेल्या काचेला, उदाहरणार्थ फ्रेंच व्हॅनिला नावाच्या क्रीम रंगाला, चिकटून वितळली की मधोमध गडद तपकिरी-काळी रेघ उमटते. डिझाइनमध्ये ती हवी असेल तर फार देखणी दिसते, नको असेल तर पीस वाया.

पाचवी निओडिमियमची काच, हिला उष्णतेची गरज नाही, ही उजेडानुसार बदलते. दिवसाच्या उजेडात लॅव्हेंडर, जुन्या ट्यूबलाइटखाली निळसर-राखाडी. मी सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला दुपारच्या उन्हात लॅव्हेंडर पेंडंट दाखवून दिलं, रात्री त्यांचा फोन आला की घरी आणल्यावर निळं कसं झालं, त्यांच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट होती. तेव्हापासून असं पेंडंट मी दोन्ही उजेडात दाखवल्याशिवाय देत नाही. गंमत म्हणजे टॉर्चवर काम करताना जो डिडिमियमचा चष्मा घालतात त्यातही हेच निओडिमियम असतं, ते पिवळ्या उजेडाचा एक अरुंद पट्टा शोषून घेतं आणि गरम काचेतल्या सोडियमची पिवळी झगझग डोळ्यांपर्यंत येत नाही.

काच घेताना आधी सीओई बघा, रंग नंतर

सीओई म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा. बुल्सआय कंपनीची किल्नसाठीची काच ९०, ओशनसाइडची ९६, टॉर्चसाठी मुरानोची एफेत्रे १०४, आणि बोरोसिलिकेट किंवा बोरो, म्हणजे लॅबच्या भांड्यांची काच, ३३. वेगवेगळ्या आकड्यांच्या काचा एकत्र वितळवल्या तर त्या छान चिकटतात, तुम्ही खूश होता, आणि थंड झाल्यावर कधी त्याच रात्री तर कधी महिन्याने तडा जातो. खिडकीची काच, बाटल्या, फिरोजाबादच्या बांगड्यांचे तुकडे यांना यातला कुठलाच आकडा चिकटवू नका, ते खेळ वेगळे ठेवा, एकाच तुकड्यात मिसळू नका.

सुरुवातीला एकच सीओई निवडा आणि निदान वर्षभर त्यातच राहा. किल्न करायचं असेल तर ९० किंवा ९६, टॉर्चवर मणी करायचे असतील तर १०४. बोरोचे सिल्व्हर, म्हणजे चांदी असलेले, रंग फार सुंदर असतात, नॉर्थस्टार कंपनीचा अँबर पर्पल बघितलात तर प्रेमात पडाल, पण बोरोला जास्त गरम ज्योत आणि जास्त ऑक्सिजन लागतो. नुसता हात बसवायचा असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटकडे लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानांत साधे बोरोचे रॉड, म्हणजे काचेच्या कांड्या, विचारून बघा, रंगीत रॉडवर पैसे घालवण्याआधी त्यांच्यावर सराव होतो. रंगीत काच बहुतेक बाहेरून मागवावी लागते, कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा आणि तीन-चार जणांनी मिळून ऑर्डर टाका.

जागा, वीज, गॅस

इथे मी जरा कडक बोलणार आहे. फ्लॅटमध्ये टॉर्च लावू नका. किल्न चालेल, टॉर्च नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि आपल्या घरांत त्याला खालून बाहेर जायला वाव नसतो. घरगुती लाल सिलिंडर धंद्याच्या कामाला वापरायला परवानगी नाही, कमर्शियल घ्या, १९ किलोचा किंवा छोटा ५ किलोचा. रेग्युलेटर चांगला, होज एलपीजीसाठीचाच, दोन्ही लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरू न देणारी झडप), आणि महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासायचे. ऑक्सिजनसाठी मी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा, मिनिटाला ५ लिटरचा काँसंट्रेटर वापरते, कोविडनंतर सेकंडहँड बरेच आले बाजारात, पण घेताना ऑक्सिजनची शुद्धता मोजून दाखवायला सांगा, कमी शुद्धतेवर ज्योत मऊ पडते आणि मग सिल्व्हर काच आपोआप रिड्यूस होऊन राखाडी होते आणि तुम्ही दोष रॉडला देता.

किल्नसाठी साधारण २ ते ३ किलोवॉटचं लहान मॉडेल १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालतं, पण तो पॉइंट स्वतंत्र हवा, त्याच लाइनवर गिझर आणि एसी नको. लायसन्सवाल्या वायरमनकडून तांब्याची जाड वायर, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी घालून घ्या. वसईकडे फर्नेस बनवणारे आहेत ते मापाने किल्न करून देतात, फक्त त्यांना स्पष्ट सांगा की काचेसाठी हवाय, मातीसाठी नाही. काचेला वरून सारखी उष्णता लागते म्हणून एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या तारा, झाकणात हवेत, आणि कंट्रोलर असा हवा की ज्यात दर तासाला किती डिग्री चढायचं आणि कुठे किती वेळ थांबायचं हे टप्प्याटप्प्याने भरता येईल. नुसतं चालू-बंद बटण असलेला किल्न फुकट मिळाला तरी घेऊ नका, स्ट्राइकिंग काचेचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे.

बाकी पटकन: सुती कपडे, नायलॉनची ओढणी नको, केस बांधलेले, टेबलावर सिमेंट शीट, शेजारी पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर. काच किल्नच्या शेल्फला चिकटू नये म्हणून लावतात त्या किल्न वॉशची पावडर कालवताना मास्क. एक्झॉस्ट फॅन चालू आणि सीलिंग फॅन बंद, कारण ज्योत हलली की रंगही हलतो. कॅडमियमच्या लाल-पिवळ्या काचेचा धूर नाकात जाऊ देऊ नका. उकाडा होणारच, मे महिन्यात मी सकाळी सहा ते नऊ एवढंच टॉर्चवर बसते.

किल्नमधला पहिला तुकडा

पहिला तुकडा पेंडंट नाही, कोस्टर नाही, सॅम्पल टाइल. १० सेंटिमीटरचा चौकोन, खाली ३ मिलिमीटरची पारदर्शक काच, वर ३ मिलिमीटरचीच स्ट्राइकिंग काच पट्ट्या कापून शेजारी शेजारी: एक सोन्याची गुलाबी, एक लाल, एक नारिंगी. त्यातच टर्कॉइज आणि फ्रेंच व्हॅनिलाची एकेक पट्टी लावा म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह रेघही बघायला मिळेल. एकूण जाडी ६ मिलिमीटर ठेवायची, कारण पूर्ण वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ मिलिमीटर जाडीला येऊन थांबते, पातळ ठेवलीत तर कडा आत ओढल्या जातात, जाड ठेवलीत तर बाहेर पसरते.

काच स्पिरिटने पुसून कोरडी करा, बोटांचे ठसे भाजले की कायमचे राहतात. शेल्फवर किल्न वॉशचे चार-पाच पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ते वाळतच नाही, वरून कोरडं दिसतं आणि आत ओल असते, म्हणून जून ते सप्टेंबर मी रिकामं शेल्फ किल्नमध्ये २६० डिग्रीपर्यंत तापवून घेते आणि मगच काच ठेवते. एका जुलैत हे टाळलं होतं, वाफेमुळे टाइलच्या पोटात मोठा फुगा आला आणि आठवड्याची मेहनत गेली.

आता शेड्यूल, सगळं सेल्सियसमध्ये, ९० सीओईच्या ६ मिलिमीटर टाइलसाठी. तासाला १६५ डिग्रीने ६६३ पर्यंत चढा आणि तिथे २ तास थांबा. हे दोन तास नवीन लोक वाचवायला बघतात, लाइट बिल दिसतं ना डोळ्यासमोर, पण सोन्याच्या काचेचा गुलाबी याच थांब्यावर तयार होतो, आणि पट्ट्यांमधली हवाही याच वेळात निघून जाते. मग तासाला ३३० डिग्रीने ८०४ पर्यंत, तिथे १० मिनिटं. मधला ७०० ते ७६० चा पट्टा जरा चपळाईने ओलांडायचा, तिथे रेंगाळलं की काचेवर पांढुरकी खरबरीत साय धरते, तिला डिव्हिट्रिफिकेशन म्हणतात. १० मिनिटं झाली की किल्नला त्याच्या वेगाने ४८२ पर्यंत उतरू द्या आणि १ तास थांबा, हे अ‍ॅनिलिंग, काचेतला ताण इथे निघतो. नंतर तासाला ५५ डिग्रीने ३७१ पर्यंत, मग बंद. झाकण हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत उघडायचं नाही. ९६ सीओईची काच असेल तर अ‍ॅनिलिंग साधारण ५१० ला करतात, बाकी चाल जवळपास तशीच.

मध्येच लाइट गेली तर? झाकण उघडू नका, एवढंच. विटांमध्ये बरीच उष्णता साठलेली असते. लाइट आली की आकडा बघा. अजून ४८२ च्या वर असाल तर फक्त खाली यायचे टप्पे चालवा. त्याच्या खाली गेलं असेल तर हळूहळू परत ४८२ पर्यंत नेऊन तिथे तास-दीड तास द्या आणि पुढे चला. आणि किल्न पूर्ण थंड झाला असेल तर आधी तुकडा काढून तडा गेलाय का ते तपासा. माझ्या किल्नला अशा एका फायरिंगला ८ ते १० युनिट लागतात, म्हणजे अ‍ॅनिलिंग तोडून वाचतात ते पैसे आणि फुटलेली सोन्याची शीट, हिशोब तुम्हीच करा.

टाइल निघाली की आधी दिवसाच्या उजेडात बघा. गुलाबी फिकट, धुरकट राहिला असेल तर ६६३ चा थांबा कमी पडलाय, तीच टाइल परत त्या थांब्यापर्यंत नेता येते, बऱ्याचदा रंग उघडतो. नारिंगी पट्टी तपकिरीकडे झुकली तर वरचं तापमान किंवा वेळ जास्त झाली. पुढच्या टाइलला फक्त एकच गोष्ट बदला, एकतर वेळ किंवा डिग्री. दोन्ही बदललंत तर काय कशामुळे झालं ते कधीच कळणार नाही.

टॉर्चवर पहिला सिल्व्हर मणी

मँड्रेलवर, म्हणजे ज्यावर मणी घडवतात त्या स्टीलच्या काडीवर, बीड रिलीज (मणी काडीवरून सुटावा म्हणून लावायचा लेप) लावून वाळवा, पावसाळ्यात आदल्या रात्री लावून ठेवा, अर्धवट वाळलेलं रिलीज ज्योतीत उकळून सुटतं आणि मणी गरगर फिरायला लागतो. ज्योत न्यूट्रल, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजन बरोबरीने, किंचित ऑक्सिजनकडे झुकलेली. आधी गडद रंगाचा किंवा पारदर्शक गाभा करा, त्यावर स्ट्राइकिंग सिल्व्हर काच पातळ गुंडाळा आणि मणी गोल करून घ्या. आकाराचं सगळं काम इथेच संपवा, कारण यापुढे फक्त रंगाचं काम आहे आणि दोन्ही एकदम होत नाही.

मग पूर्ण मणी इतका तापवा की तो नारिंगी चमकेल आणि वरचा रंग विरघळून पारदर्शक होईल. ज्योतीबाहेर काढा. फिरवत राहा. चमक पूर्ण जाईपर्यंत थांबा, मी मनात दहा ते पंधरा मोजते, मोठ्या मण्याला जास्त. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, चमक अजून आहे तेवढ्यात मणी परत ज्योतीत जातो आणि रंग येतच नाही, मग शंका रॉडवर. कण तयार व्हायला आधी काच थंड व्हावी लागते, नंतर ऊब द्यावी लागते, असा हा दोन पायऱ्यांचा प्रकार आहे. चमक गेली की मणी ज्योतीच्या अगदी टोकाला, लांब, दोन-तीन सेकंद फिरवा, परत लाल व्हायच्या आत बाहेर. बघा. आधी मधासारखा पिवळा येतो, मग लालसर जांभळा, मग निळा, मग हिरवा. प्रत्येक फेरीत थोडं पुढे जातं. आवडला तिथे थांबा. पुढे जात राहिलात तर मातकट राखाडी होतो, पण घाबरू नका, मणी परत पारदर्शक होईपर्यंत तापवून पहिल्यापासून सुरुवात करता येते, दोन-तीन वेळा तरी नक्की, नंतर काच थकते. खोलीतला उजेड थोडा कमी ठेवा, खिडकीसमोर बसलात तर चमक कधी गेली ते दिसतच नाही.

रिडक्शन काचेचं उलट आहे. डबल हेलिक्स कंपनीची ट्रायटन काच घ्या उदाहरणाला: सगळं काम न्यूट्रल ज्योतीत, शेवटी मणी किंचित थंड, चमक गेलेली, मग ऑक्सिजन कमी करून ज्योत मऊ आणि पिवळसर टोकाची करा आणि त्यातून मणी दोन ते चार सेकंद फिरवून काढा. आरशासारखी चमक चढलेली दिसेल. जास्त झालं, राखाडी दिसलं, तर ऑक्सिजन वाढवून ती चमक जाळून टाका आणि परत करा. सोन्याच्या रुबिनो काचेला मात्र लहान, ऑक्सिजनवाली ज्योत आणि हळुवार हात, भरपूर तापवली की ती मळकट तपकिरी होते.

मणी झाला की लगेच ५१० च्या आसपास तापलेल्या किल्नमध्ये, निदान अर्धा तास, मग हळूहळू खाली. आणि लक्षात ठेवा, स्ट्राइकिंग काच किल्नमध्येही थोडी पुढे सरकते, म्हणून मी टॉर्चवर रंग हवा त्याच्या एक पायरी आधीच थांबते. सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून थंड केलेला मणी अ‍ॅनिल झालेला नसतो, तो गिऱ्हाइकाला देऊ नका.

तडा कुठून गेला, रंग कुठे गेला

दोन पोलरायझर फिल्म घ्या, जुन्या बंद पडलेल्या एलसीडी स्क्रीनवरची निघते, लॅमिंग्टन रोडवरही चौकशी करता येईल. एकमेकींवर आडव्या धरल्या की अंधार होतो, त्यामध्ये पारदर्शक तुकडा धरून मागून उजेड टाका. कडेला, जोडाजवळ पांढरा प्रकाश चमकला तर काचेत ताण आहे. दोन काचांच्या जोडाभोवतीच गोल दिसत असेल तर सीओई जुळलेला नाही, सगळीकडे पसरलेलं असेल तर अ‍ॅनिलिंग कमी पडलंय. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि मी प्रत्येक नव्या काचेच्या पहिल्या तुकड्यावर करते.

वहीत प्रत्येक टाइलचा नंबर, शेड्यूल, तारीख, आणि टाइलच्या मागे डायमंड पेनने तोच नंबर. फोनमधल्या फोटोवर रंगासाठी विसंबू नका, कॅमेरा जांभळा आणि निळा स्वतःच्या मर्जीने ठरवतो, निओडिमियमच्या काचेचा फोटो तर जवळजवळ कधीच खरा येत नाही. टाइलच जपून ठेवा.

रॉड उभे ठेवायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे उत्तम, प्रत्येक पाइपवर सीओई मोठ्या आकड्यात लिहा. स्ट्राइकिंग रॉड न तापवता एकसारखे फिकट दिसतात, आणि कागदी लेबलं जुलैत ओलीने गळून पडतात, म्हणून मास्किंग टेपवर परमनंट मार्करने नाव लिहून ती रॉडच्या एका टोकाला गुंडाळा, आणि रॉड नेहमी दुसऱ्या टोकाकडून वापरत या.